डेटाबेस सर्व्हरचे लॉग आपोआप कसे फिरवायचे: लाईन जाणाऱ्या गावातल्या मशीनसाठी

दिवाळी झाली की हिंगणघाट, वणी, पांढरकवडा या पट्ट्यात जिनिंगच्या फाटकावर कापसाच्या गाड्यांची रांग लागते, आणि वजनकाट्याच्या खोलीतला संगणक सकाळपासून अंधार पडेपर्यंत उसंत घेत नाही. भरलेली गाडी, रिकामी गाडी, काटापट्टी, भाव, हमाली, सगळं डेटाबेसात जातं. त्याच वेळी डेटाबेस सर्व्हर स्वतःसाठीही लिहीत असतो: कधी चालू झालो, काय अडलं, कोणती क्वेरी (डेटाबेसकडे केलेली मागणी) रेंगाळली. हे लॉग. ते फिरवायचे म्हणजे जुनी फाइल बाजूला करून नवी सुरू करायची आणि फार जुन्या पुसायच्या. उन्हाळ्यात त्यांच्याकडे कोणी बघत नाही, आणि हंगामात ते डिस्क भरून टाकतात.

डिस्क भरली की मायएसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हर लगेच कोसळत नाही. तो थांबतो, दर मिनिटाला जागा झाली का ते तपासतो आणि दर १० मिनिटांनी एरर लॉगमध्ये तक्रार लिहू पाहतो. काट्यावरच्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसते ती अडकलेली स्क्रीन आणि बाहेर हॉर्न वाजवणारा ट्रॅक्टर. मग तो बटण दाबून मशीन बंद-चालू करतो, म्हणजे भरलेल्या डिस्कवर अर्धवट बंद झालेला डेटाबेस हे नवीन दुखणं उभं राहतं.

हा लेख उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) मायएसक्यूएल ८ चालवणाऱ्यांसाठी आहे: जिनिंग, पतसंस्था, दूध संकलन केंद्र, शेतकरी उत्पादक कंपनी, कोणीही. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस सर्व्हर आणि विंडोज यांबद्दल शेवटी थोडं लिहिलं आहे. सूचना आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत आहेत. मशीनवर ती नेहमीच्या स्पेलिंगने इंग्रजीत टाइप करायची, आकडेही इंग्रजीच. अक्षरं बहुतेक लहान; मोठी फक्त '+एल१' मधला एल, '१००एम' आणि '२००एम' मधला एम, 'टायमर' या भागाच्या नावातला टी, आणि 'ऑनकॅलेंडर' मधले ओ आणि सी.

आधी जागा कोण खातंय ते बघा

'डीएफ -एच' लिहा, कोणती डिस्क किती भरली ते कळेल. मग 'सुडो डीयू -एसएच' पुढे '/व्हार/लॉग/*' देऊन लॉगच्या फोल्डरची मापं काढा, आणि तसंच '/व्हार/लिब/मायएसक्यूएल' चं माप घ्या. हे दुसरं फोल्डर विसरू नका. मायएसक्यूएल ८ मध्ये बायनरी लॉग (डेटातल्या प्रत्येक बदलाची नोंद) मुळातच चालू असतो आणि उबुंटूवर तो या दुसऱ्या फोल्डरमध्ये, खऱ्या डेटाच्या शेजारी साठतो. लॉगच्या फोल्डरमध्ये काहीच मोठं दिसत नाही आणि डिस्क तर भरलेली, असं कोडं पडलं तर उत्तर बहुतेक वेळा तिथेच असतं.

मजकुराचे लॉग तीन. एरर लॉग साधारणपणे लहान राहतो. तो फुगला असेल तर सर्व्हरला खरंच काही त्रास आहे, तेव्हा फिरवण्याआधी वाचा. स्लो क्वेरी लॉग मुळात बंद असतो. चालू केला तर १० सेकंदांपेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या क्वेरी त्यात येतात, आणि कोणी ती मर्यादा १ सेकंदावर आणली असेल तर हंगामात तो भराभर वाढतो. तिसरा जनरल लॉग. यात प्रत्येक क्वेरी लिहिली जाते. एखादी अडचण शोधायला दुरून जोडलेल्या माणसाने तो चालू करायचा, अडचण मिटली की फोन ठेवायचा, आणि लॉग तसाच चालू राहायचा, हा प्रकार मी इतक्या ठिकाणी पाहिला आहे की नवीन मशीनवर बसलो की पहिली क्वेरी हीच टाकतो: 'शो व्हेरिएबल्स लाइक जनरल_लॉग'. उत्तर 'ऑन' आलं आणि कारण कोणाला सांगता आलं नाही, तर बंद करा. जनरल लॉग फिरवण्यात शहाणपण नाही, तो बंदच असायला हवा.

फाइल हलवली म्हणजे काम झालं असं नाही

बहुतेकांचं गाडं इथे अडतं, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

लिनक्समध्ये चालू प्रोग्राम एकदा फाइल उघडतो आणि मग तिचं नाव विसरतो. त्याच्या हातात त्या फाइलची पकड राहते. तुम्ही बाहेरून फाइलचं नाव बदललं तरी मायएसक्यूएल त्याच फाइलमध्ये लिहीत राहतो. घराची पाटी बदलली म्हणून आत राहणारा माणूस बदलत नाही, तसंच. तुम्ही 'आरएम' करून फाइल पुसली तर आणखी गंमत होते: यादीतून नाव जातं, पण सर्व्हरने ती सोडेपर्यंत डिस्कवरची जागा मोकळी होत नाही. 'एवढी मोठी फाइल पुसली, तरी डिस्क १०० टक्केच दाखवते' या तक्रारीचं कारण हेच. अशा पुसलेल्या पण धरून ठेवलेल्या फाइली 'सुडो एलएसओएफ +एल१' या सूचनेने दिसतात.

म्हणून लॉग फिरवण्याची दोन अंगं आहेत: जुनी फाइल बाजूला करणं, आणि सर्व्हरला 'ती सोड, नवी उघड' असं सांगणं. मायएसक्यूएलमध्ये हे दुसरं काम 'फ्लश एरर लॉग्ज' आणि 'फ्लश स्लो लॉग्ज' या सूचना करतात. नुसतं 'फ्लश लॉग्ज' म्हटलं तर बायनरी लॉगसह सगळेच लॉग बंद होऊन पुन्हा उघडतात. चालतं, पण दर वेळी बायनरी लॉगचीही नवी फाइल सुरू होते.

डिस्क आत्ता या क्षणी भरलेली असेल आणि गाड्या उभ्या असतील, तर 'आरएम' नको. 'सुडो ट्रंकेट -एस ०' आणि पुढे स्लो लॉगचं नाव द्या. फाइल तीच राहते, आतला मजकूर जातो, जागा लगेच सुटते. 'सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्युम-साइज=२००एम' आणि 'सुडो एपीटी क्लीन' यांनीही थोडी जागा मिळते. एवढ्यावर दिवस निभावतो. खरी व्यवस्था संध्याकाळी शांतपणे लावा.

किती दिवसांचे लॉग ठेवायचे

कंपन्यांच्या सर्व्हरसाठी लिहिलेल्या लेखांत ७ दिवस असं सर्रास सांगितलेलं असतं. उबुंटूवर मायएसक्यूएलसोबत येणारी तयार व्यवस्थाही रोज फिरवते आणि ७ जुन्या फाइली ठेवते. गावाकडे मला हे कमी वाटतं. बिघाड सोमवारी होतो, पण सॉफ्टवेअरवाल्याला फोन लागतो गुरुवारी, तो म्हणतो रविवारी बघतो, आणि मध्ये एखादं लग्न निघतं. तोपर्यंत ज्या दिवशी गडबड झाली त्या दिवसाचा लॉगच गेलेला असतो. मी ३० ठेवतो.

जागेचा हिशोब सोपा आहे. समजा भर हंगामात सगळे मजकुराचे लॉग मिळून दिवसाला २०० एमबी होतात. ३० दिवसांचे तसेच ठेवले तर ६ जीबी. पण लॉगमध्ये तीच तीच वाक्यं पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवल्यावर ते साधारण दहाव्या भागावर येतात, बऱ्याचदा त्याहूनही खाली. म्हणजे जेमतेम ६०० एमबी. १२० जीबीच्या छोट्या एसएसडीलाही हे जड नाही. हिशोब हंगामातल्या आकड्यावर करा, जूनमधल्या आकड्यावर नाही.

लॉगरोटेटची फाइल

लॉगरोटेट हा प्रोग्राम उबुंटूवर आधीच असतो. प्रत्येक सॉफ्टवेअरची त्यासाठीची सूचनाफाइल '/ईटीसी/लॉगरोटेट.डी' या फोल्डरमध्ये राहते आणि मायएसक्यूएलची तिथे 'मायएसक्यूएल-सर्व्हर' नावाने असते. नवी फाइल बनवू नका, तीच बदला. एकाच लॉगचं नाव दोन सूचनाफाइलींत आलं तर लॉगरोटेट 'डुप्लिकेट लॉग एंट्री' म्हणून दुसरी नोंद नाकारतो, आणि तुमची कोणती नि जुनी कोणती याचा गोंधळ होतो. बदलण्याआधी मूळ फाइलची प्रत तुमच्या होम फोल्डरमध्ये काढून ठेवा.

बदललेली फाइल अशी दिसेल:

/व्हार/लॉग/मायएसक्यूएल/*लॉग {
    डेली
    मॅक्ससाइज १००एम
    रोटेट ३०
    मिसिंगओके
    नॉटइफएम्प्टी
    क्रिएट ६४० मायएसक्यूएल एडीएम
    कॉम्प्रेस
    डिलेकॉम्प्रेस
    शेअर्डस्क्रिप्ट्स
    पोस्टरोटेट
        (सर्व्हरला निरोप देणाऱ्या ओळी)
    एंडस्क्रिप्ट
}

'डेली' आणि 'रोटेट ३०' म्हणजे रोज फिरव, ३० जुन्या फाइली ठेव. 'मॅक्ससाइज १००एम' म्हणजे दिवस पुरा झाला नसला तरी फाइल १०० एमबीच्या वर गेली तर फिरव. पण लॉगरोटेट स्वतः पहारा देत बसत नाही. त्याला जेव्हा चालवलं जातं तेव्हाच तो माप बघतो. तो दिवसातून एकदाच चालत असेल तर सकाळी ११ ला १०० एमबी ओलांडलेली फाइल त्याला दुसऱ्या दिवशीच दिसणार. ही ओळ कामाची हवी असेल तर त्याला तासाला चालवावं लागतं. फक्त तेव्हा ध्यानात ठेवा की 'रोटेट ३०' म्हणजे ३० फाइली, ३० दिवस नव्हे.

'मिसिंगओके' लॉग नसला तर बोंब मारत नाही, 'नॉटइफएम्प्टी' रिकामी फाइल फिरवत नाही. 'क्रिएट' ची ओळ महत्त्वाची. नवी फाइल मायएसक्यूएलच्या मालकीचीच बनली पाहिजे. ती रूटच्या (मशीनच्या मुख्य खात्याच्या) नावाने बनली तर सर्व्हरला तिच्यात लिहिता येणार नाही. 'डिलेकॉम्प्रेस' कालची फाइल लगेच न दाबता एक फेरी तशीच ठेवतो. सर्व्हरने जुनी फाइल सोडायला थोडा वेळ लावला तरी ओळी हरवत नाहीत, शिवाय कालचा लॉग वाचायला उघडावा लागत नाही. 'शेअर्डस्क्रिप्ट्स' मुळे सगळ्या फाइली हलवून झाल्यावर निरोप एकदाच जातो.

'कॉपीट्रंकेट' नावाचा एक सोपा पर्याय तुम्हाला कोणी ना कोणी सुचवेलच. त्यात फाइलची नक्कल काढतात आणि मूळ फाइल जागेवरच रिकामी करतात, सर्व्हरला काही सांगावं लागत नाही. पण नक्कल आणि रिकामं करणं यांच्या मधल्या क्षणी आलेल्या ओळी जातात. ज्या प्रोग्रामला फाइल सोडायला सांगण्याची सोयच नाही त्याच्यासाठी हा पर्याय ठीक आहे. मायएसक्यूएलला सांगता येतं, मग सांगावं.

निरोपाच्या ओळी उबुंटूच्या तयार फाइलमध्ये आधीच असतात. त्या '/ईटीसी/मायएसक्यूएल/डेबियन.सीएनएफ' मधलं देखभालीचं खातं वापरून आधी 'मायएसक्यूएलअ‍ॅडमिन पिंग' करतात आणि सर्व्हर जागा असेल तर 'फ्लश-लॉग्ज' पाठवतात. त्या तशाच राहू द्या. तुमचा मायएसक्यूएल दुसऱ्या पद्धतीने बसवलेला असेल तर स्वतःचं खातं करा: 'लोकलहोस्ट' पुरतं, आणि त्याला फक्त 'रीलोड' हा एकच अधिकार. पासवर्ड सूचनाफाइलमध्ये लिहू नका. रूटच्या घरातल्या '.माय.सीएनएफ' मध्ये ठेवा आणि तिला ६०० परवानगी द्या, म्हणजे ती फक्त मालकालाच वाचता-लिहिता येईल. डेटाबेसच्या रूटचा पासवर्ड इथे वापरण्याचं काहीच कारण नाही.

सूचनाफाइल रूटच्या मालकीची आणि ६४४ परवानगीची असावी. इतरांना लिहिता येईल अशी ठेवली तर लॉगरोटेट तिच्याकडे दुर्लक्ष करतो, आणि कोणी ओरडून सांगत नाही.

करून बघा, मग विश्वास ठेवा

आधी 'सुडो लॉगरोटेट -डी' पुढे सूचनाफाइलचा पूर्ण पत्ता द्या. ही कोरडी तालीम, फाइलींना हात लागत नाही, चूक असेल तर ओळ क्रमांकासह दिसते. मग '-डी' च्या जागी '-व्हीएफ' लिहून सक्तीने एकदा फिरवा. फोल्डरमध्ये 'एरर.लॉग' आणि 'एरर.लॉग.१' अशा दोन फाइली दिसायला हव्यात.

इथे थांबू नका. नावं बदललेली दिसली याचा अर्थ सर्व्हर नव्या फाइलमध्ये लिहितोय असा नाही. स्लो लॉग चालू असेल तर 'सिलेक्ट स्लीप(११)' ही क्वेरी चालवा. ती ११ सेकंद नुसती झोपते, म्हणजे १० सेकंदांची मर्यादा ओलांडते. मग बघा तिची नोंद कुठे पडली. नव्या फाइलमध्ये पडली तर झालं. '.१' मध्ये पडली तर निरोप पोचलेला नाही. तेव्हा खातं, पासवर्ड आणि 'क्रिएट' ची ओळ, या क्रमाने तपासा.

रात्री बंद होणारी मशीन

लॉगरोटेट कधी चालतो? उबुंटू २०.०४ पासून सिस्टमडीचा (मशीनवरच्या सेवा आणि ठरलेल्या वेळेची कामं सांभाळणाऱ्या प्रोग्रामचा) 'लॉगरोटेट.टायमर' त्याला रोज मध्यरात्री चालवतो. आपल्याकडे मध्यरात्री त्या खोलीला कुलूप असतं आणि मेन स्विच खाली. सुदैवाने या टायमरमध्ये 'पर्सिस्टंट' चालू असतं, त्यामुळे चुकलेली फेरी मशीन सुरू झाल्यावर भरून निघते. जुन्या उबुंटू सर्व्हरवर मात्र हे काम क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं चालवणारा जुना प्रोग्राम) सकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी करतो. अ‍ॅनाक्रॉन (चुकलेली कामं नंतर उरकणारा प्रोग्राम) बसवलेला नसेल आणि मशीन ९ ला चालू होत असेल, तर लॉग कधीच फिरत नाहीत. सूचनाफाइल बिनचूक, तालीम यशस्वी, आणि तरीही डिस्क भरते. अशा मशीनवर 'सुडो एपीटी इन्स्टॉल अ‍ॅनाक्रॉन' एवढं पुरतं.

टायमर असला तरी मी वेळ बदलतो. सकाळी मशीन उठत असताना सगळंच एकदम चाललेलं असतं, मायएसक्यूएल पूर्ण उभा राहिला की नाही याचा नेम नसतो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत काटा बहुधा मोकळा असतो. 'सुडो सिस्टमसीटीएल एडिट लॉगरोटेट.टायमर' उघडा, 'टायमर' या भागाखाली आधी 'ऑनकॅलेंडर=' ही ओळ रिकामीच लिहा आणि तिच्याखाली 'ऑनकॅलेंडर=*-*-* १४:००:००'. रिकामी ओळ जुनी वेळ पुसते. ती गाळली तर मध्यरात्र आणि दुपार दोन्ही लागू होतात. पुढची फेरी कधी ते 'सिस्टमसीटीएल लिस्ट-टायमर्स' मध्ये दिसतं. बरोबर २ च्या ठोक्याला नाही चाललं तर घाबरू नका, टायमरमध्ये थोडी मोकळीक असते, नंतर चालतं.

फिरवताफिरवता लाईन गेली तर

इन्व्हर्टर असला तरी त्याची बॅटरी मे महिन्यात दमलेली असते. नाव बदललं आणि निरोप जाण्याआधीच लाईन गेली, तर काही बिघडत नाही. मशीन पुन्हा उठली की मायएसक्यूएल आपोआप नवीच फाइल उघडतो.

दाबण्याच्या मधोमध लाईन गेली तर मात्र अर्धवट '.जीझेड' फाइल मागे राहते. पुढच्या फेरीत लॉगरोटेटला त्याच नावाची फाइल बनवायची असते आणि जुन्या आवृत्त्या 'फाइल एक्झिस्ट्स' म्हणून तिथेच अडून बसतात, रोज. त्याच क्रमांकाची न दाबलेली फाइल शेजारी शाबूत आहे ना ते बघा आणि अर्धवट '.जीझेड' पुसा.

दुसरी जागा म्हणजे लॉगरोटेटची स्वतःची नोंद, '/व्हार/लिब/लॉगरोटेट/स्टेटस'. कोणता लॉग शेवटचा कधी फिरवला ते इथे लिहिलेलं असतं. लाईनच्या झटक्याने ती खराब झाली तर 'स्टेट फाइल' मध्ये वाईट ओळ असल्याची तक्रार येते. ती फाइल बाजूला करा, पुढच्या फेरीत नवी बनते. त्या पहिल्या फेरीत तो लॉगना फक्त आजची तारीख लावतो, फिरवत नाही. तेव्हा लगेच काही झालं नाही म्हणून पुन्हा खटाटोप करू नका, उद्या बघा.

आणि घड्याळ. मदरबोर्डवरचा सेल मेला की लाईन गेल्यावर मशीनची तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि इंटरनेट नसेल तर मागेच राहते. लॉगरोटेटला मग शेवटची फेरी भविष्यात झालेली दिसते आणि तो सक्तीने फिरवतो. लॉगमधल्या तारखा निरुपयोगी होतात ते वेगळंच, आणि खरं नुकसान काटापट्टीवरच्या तारखेचं असतं. 'टाइमडेटसीटीएल' ने तारीख तपासा. सेल बहुतेक मशीनमध्ये सीआर २०३२ असतो, तालुक्याच्या घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

बायनरी लॉगला लॉगरोटेट लावू नका

बायनरी लॉगमध्ये डेटात झालेला प्रत्येक बदल असतो. रात्रीचा बॅकअप परत चढवून त्यापुढच्या नोंदी भरून काढायच्या तर हाच उपयोगी पडतो. त्याच्या फाइलींची एक सूची मायएसक्यूएल स्वतः राखतो, म्हणून त्या हाताने पुसायच्या नाहीत आणि लॉगरोटेटच्या ताब्यातही द्यायच्या नाहीत. प्रत्येक फाइल १ जीबी झाली की सर्व्हर आपणहून पुढची उघडतो, आणि मायएसक्यूएल ८ मध्ये २५,९२,००० सेकंद, म्हणजे ३० दिवस, झालेल्या फाइली काढून टाकतो.

छोट्या डिस्कवर ३० दिवस जास्त होतात. 'सेट पर्सिस्ट बिनलॉग_एक्स्पायर_लॉग्ज_सेकंड्स = ८६४०००' दिलं की १० दिवस होतात आणि मशीन पुन्हा सुरू झाल्यावरही ते टिकतं. पूर्ण बॅकअप आठवड्याला एकदा घेत असाल तर १० च्या खाली उतरू नका. दोन बॅकअपांमधलं अंतर बायनरी लॉगने भरून निघायलाच हवं. सफाई होते ती सर्व्हर सुरू होताना किंवा बायनरी लॉगची नवी फाइल उघडताना. रोज बंद-चालू होणाऱ्या मशीनचा हा एक फायदा. आत्ताच जागा हवी असेल तर 'पर्ज बायनरी लॉग्ज बिफोर' आणि पुढे तारीख, पण आधी शेवटचा बॅकअप खरोखर उघडतो का ते बघून.

पोस्टग्रेस असेल तर

पोस्टग्रेस स्वतःच लॉग फिरवू शकतो. 'लॉगिंग_कलेक्टर' चालू करा, 'लॉग_फाइलनेम' मध्ये 'पोस्टग्रेसक्यूएल-%ए.लॉग' लिहा, 'लॉग_रोटेशन_एज' १ दिवस, 'लॉग_रोटेशन_साइज' ०, आणि 'लॉग_ट्रंकेट_ऑन_रोटेशन' चालू. '%ए' म्हणजे वाराचं नाव. सात वारांच्या सात फाइली बनतात आणि पुढच्या सोमवारी गेल्या सोमवारची फाइल रिकामी होऊन नव्याने लिहिली जाते. पण हे रिकामं होणं फक्त वेळेनुसार फिरताना घडतं, सर्व्हर नव्याने सुरू होताना नाही. रात्री बंद होणाऱ्या मशीनवर सोमवार सकाळ उजाडते तेव्हा सर्व्हर जुन्याच सोमवारच्या फाइलला जोडून लिहितो, आणि फाइली वाढतच जातात. अशा ठिकाणी कलेक्टर बंद ठेवून उबुंटूसोबत आलेली लॉगरोटेटची व्यवस्थाच वापरलेली बरी.

पोस्टग्रेस स्वतःच्या बदलांची नोंद ज्यात ठेवतो त्या 'पीजी_वॉल' फोल्डरला मात्र हात लावू नका. आवृत्ती १० च्या आधी त्याचं नाव 'पीजी_एक्सलॉग' होतं, आणि नावात 'लॉग' बघून लोक ते पुसत, म्हणजे डेटाबेसच मोडत. नाव बदलण्यामागे हेही एक कारण होतं.

विंडोजवर

तालुक्यातल्या बऱ्याच कचेऱ्यांत मायएसक्यूएल विंडोजवर चालतो. तिथे लॉगरोटेट नाही. स्लो लॉगसाठी एक छोटी बॅच फाइल करा: आधी 'सेट ग्लोबल स्लो_क्वेरी_लॉग = ऑफ', मग फाइलच्या नावात तारीख घालून ती हलवा, मग पुन्हा 'ऑन'. सर्व्हर थांबवावा लागत नाही. ३० दिवसांपेक्षा जुन्या फाइली पुसायची ओळ त्याच बॅचमध्ये घाला. ही बॅच टास्क शेड्युलरमध्ये दुपारी २ ला लावा, आणि 'सेटिंग्ज' च्या पानावर ठरलेली वेळ चुकली तर जमेल तितक्या लवकर काम चालवण्याची जी चौकट आहे, तिच्यावर खूण करा. ती मुळात रिकामी असते.